दोन देशांचा पूल, एका देशाची तिजोरी

अमेरिकेच्या नकाशावर डेट्रॉइट शहरावर बोट ठेवून ते सरळ दक्षिणेकडे सरकवले, तर पहिला परका देश लागतो तो मेक्सिको नव्हे, तर कॅनडा. डेट्रॉइट नदीने येथे असे काही वळण घेतले आहे की, अमेरिकेचे मोटारनगर उत्तर तीरावर आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताचे विंडसर शहर दक्षिण तीरावर आले आहे. भूगोलाच्या या गमतीइतकीच आणखी एक विलक्षण गोष्ट या नदीवर घडली. दोन देशांना जोडणारा, दोघांच्या सामायिक मालकीचा एक भव्य पूल येथे उभा राहिला. मात्र त्याचा खर्च एकाच देशाने उचलला. केवळ आपल्या तीराचा नव्हे, तर समोरच्या तीरावरील जमीन, जोडरस्ते आणि तेथील सीमाशुल्क तपासणीच्या नाक्याचाही.

‘गॉर्डी हाउ आंतरराष्ट्रीय पूल’ हे त्याचे नाव. तो उभारण्याची जबाबदारी कॅनडा सरकारने ‘विंडसर-डेट्रॉइट ब्रिज अथॉरिटी’ या सार्वजनिक प्राधिकरणावर सोपवली. पोलाद आणि काँक्रीट यांची कहाणी अशा प्रकल्पांत नेहमीच सांगितली जाते. येथे मात्र त्याहून महत्त्वाची आहे ती अधिकारांची कहाणी. दोन देशांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या वास्तूवर सत्ता कोणाची, तिचे पैसे कोणी द्यायचे आणि तिचे दार कोणी उघडायचे, हे ते प्रश्न होत.

एका पुलाची मक्तेदारी

नव्या पुलाची गरज का भासली, हे समजून घेण्यासाठी जुन्या पुलाकडे पाहावे लागते. ‘अ‍ॅम्बॅसॅडर ब्रिज’ हा झुलता पूल १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये वाहतुकीस खुला झाला. खासगी भांडवलावर उभारलेला हा पूल पुढेही खासगी मालकीचाच राहिला. १९७९ मध्ये मालवाहतुकीच्या व्यवसायातील उद्योगपती मॅन्युएल मोरुन यांनी तो ताब्यात घेतला. चार मार्गिकांच्या या पुलावरून कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील व्यापारी मालाचा सुमारे चौथा हिस्सा जात आला आहे. मोटारींचे सुटे भाग घेऊन जाणारे ट्रक त्यात सर्वाधिक. एकच भाग मोटारीत बसण्यापूर्वी अनेकदा सीमा ओलांडतो, अशी या भागातील उद्योगाची रचना आहे. कारखान्यांत सुट्या भागांचा मोठा साठा ठेवला जात नाही. ट्रक वेळेवर पोचेल या भरवशावर उत्पादनाची साखळी चालते.

इतकी महत्त्वाची वाट एका कुटुंबाच्या मालकीची असणे, ही कॅनडाच्या धोरणकर्त्यांना सतत खुपणारी बाब होती. अर्थात, अडचण केवळ मालकीची नव्हती. कॅनडाच्या बाजूला पूल उतरतो तो थेट विंडसरच्या वस्तीत. टोरांटोकडून महामार्गाने आलेल्या ट्रकला पुलापर्यंत पोचण्यासाठी ह्युरॉन चर्च रोडवरील डझनभराहून अधिक सिग्नल पार करावे लागत. शाळा, घरे आणि विद्यापीठ यांच्या शेजारून ट्रकांच्या रांगा चालत. १९३० मध्ये खुला झालेला डेट्रॉइट-विंडसर बोगदा जवळच आहे. परंतु अवजड वाहतुकीसाठी तो अपुरा. दुसरा मोठा पूल पोर्ट ह्युरॉन आणि सार्निया यांच्यामध्ये, सुमारे १०० किलोमीटर दूर.

एकाच वाटेवर विसंबून राहण्याची किंमत फेब्रुवारी २०२२ मध्ये साऱ्यांनाच कळली. करोनाविषयक निर्बंधांच्या विरोधातील आंदोलकांनी अ‍ॅम्बॅसॅडर ब्रिजचा विंडसरकडील रस्ता ७ फेब्रुवारीला अडवला. १३ फेब्रुवारीला पोलिसांनी तो मोकळा करेपर्यंत दोन्ही देशांतील मोटार कारखान्यांत काही पाळ्या रद्द कराव्या लागल्या होत्या. नवा पूल तेव्हा बांधकामावस्थेत होता. तो का हवा, हे सांगण्यासाठी यानंतर कोणा तज्ज्ञाच्या अहवालाची गरज उरली नाही.

मिशिगनचा नकार आणि कॅनडाचा प्रस्ताव

नव्या पुलाचा अभ्यास या शतकाच्या प्रारंभीच सुरू झाला होता. अनेक जागांची छाननी होऊन विंडसरच्या पश्चिमेकडील सँडविच परिसर आणि समोरच्या तीरावरील डेलरे ही डेट्रॉइटची जुनी औद्योगिक वस्ती यांच्या दरम्यानची जागा २००८ मध्ये निश्चित झाली. खरा अडसर आला तो पैशांचा. मोटार उद्योगाच्या मंदीने मिशिगन राज्याचे कंबरडे मोडले होते. हे पाहून कॅनडाने २०१० मध्ये मिशिगनच्या वाट्याच्या खर्चासाठी ५५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. ती टोलच्या उत्पन्नातून वसूल व्हायची होती. शेजाऱ्याच्या अंगणातील रस्ता आपल्या पैशाने बांधून देण्याचा हा प्रस्ताव होता, असेच म्हणावे लागेल.

तरीही मिशिगनच्या विधिमंडळात तो पुढे सरकला नाही. जुन्या पुलाच्या मालकांचा विरोध तीव्र होता. सरकारी पुलामुळे आपल्या व्यवसायावर गदा येईल, आपणच शेजारी दुसरा पूल बांधू, अशी त्यांची भूमिका होती. खासगी मालमत्तेच्या धंद्यात सरकारने उतरावे काय, हा प्रश्न अमेरिकी राजकारणात अगदीच दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. परंतु या मालकांची प्रतिमाही त्यांच्या मदतीला येणारी नव्हती. जुन्या पुलाला महामार्गाशी जोडण्याच्या कामात आपल्या वाट्याचे काम करारानुसार न केल्याबद्दल जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने अवमानाच्या कारणावरून मोरुन यांना एक रात्र तुरुंगात धाडले होते. तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. (२०२० मध्ये त्यांचे निधन झाले.)

विधिमंडळाची वाट बंद झाल्यावर मिशिगनचे तत्कालीन गव्हर्नर रिक स्नायडर यांनी दुसरी वाट शोधली. राज्याच्या १९६७ च्या एका कायद्यानुसार सरकारी यंत्रणांना कॅनडातील यंत्रणांशी सहकार्याचे करार करता येतात. त्याचा आधार घेऊन १५ जून २०१२ रोजी कॅनडा आणि मिशिगन यांच्यात ‘क्रॉसिंग अ‍ॅग्रीमेंट’ झाले. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान स्टीफन हार्पर या वेळी उपस्थित होते. मिशिगनच्या करदात्यावर एका डॉलरचाही भार पडणार नाही, हे या कराराचे सूत्र होते.

यानंतरची लढाई मतपेटीत झाली. कोणत्याही नव्या आंतरराष्ट्रीय पुलासाठी आधी जनमत घेणे बंधनकारक करणारी घटनादुरुस्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांपुढे आली. जुन्या पुलाच्या कंपनीने तिच्या प्रचारावर तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. मतदारांनी ती स्पष्ट बहुमताने फेटाळली. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय परवान्यावर शिक्कामोर्तब झाले.

प्राधिकरणाची रचना

ऑक्टोबर २०१२ मध्ये स्थापन झालेले विंडसर-डेट्रॉइट ब्रिज अथॉरिटी हे कॅनडाचे ‘क्राउन कॉर्पोरेशन’ आहे. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर हा केंद्र सरकारचा सार्वजनिक उपक्रम. त्याचे स्वतंत्र संचालक मंडळ असते आणि मंत्र्यामार्फत ते संसदेला उत्तरदायी असते. परंतु परक्या देशाच्या भूमीवर काम करायचे, तर एकट्या कॅनडाच्या उपक्रमाला मोकळे रान देणे मिशिगनला परवडणारे नव्हते. म्हणून करारात दुसरी पायरी आली. तिला ‘इंटरनॅशनल अथॉरिटी’ असे साधेच नाव आहे. तिचे सहा सदस्य असतात, तीन कॅनडाच्या बाजूचे आणि तीन मिशिगनचे. दैनंदिन काम पहिली संस्था पाहते. करारातील अटी पाळल्या जातात की नाही, कंत्राटदाराची निवड नियमानुसार होते की नाही, यावर दुसरी संस्था लक्ष ठेवते. पैसा एकाचा असला, तरी देखरेखीच्या मेजाभोवतीच्या खुर्च्या समसमान आहेत.

सीमेवरील पुलांसाठी संयुक्त संस्था ही नवी कल्पना नव्हे. नायगारा नदीवरील ‘पीस ब्रिज’ हा १९२७ मध्ये खुला झालेला पूल दोन्ही देशांच्या प्रत्येकी पाच सदस्यांचे मंडळ चालवते. विंडसर-डेट्रॉइटचे वेगळेपण असे की, येथे पूल दोघांचा, देखरेख दोघांची. पण जोखीम एकाची.

ही जोखीम कशी, ते टोलच्या व्यवस्थेवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रातील वाहनचालकाला ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ ही पद्धत चांगलीच परिचित आहे. तीत कंत्राटदार रस्ता बांधतो आणि ठरावीक वर्षे टोल वसूल करून आपला खर्च व नफा काढतो. येथे तसे नाही. ‘ब्रिजिंग नॉर्थ अमेरिका’ या कंपनीसमूहाशी सप्टेंबर २०१८ मध्ये करार झाला. रचना, बांधणी, भांडवलाचा काही भाग उभारणे आणि त्यानंतर ३० वर्षे पुलाची देखभाल, अशी सारी कामे या समूहाकडे आहेत. टोल मात्र प्राधिकरणाचा. कंत्राटदाराला मोबदला मिळतो तो पूल चांगल्या स्थितीत ठेवण्याबद्दल. वाहने किती गेली यावर तो अवलंबून नाही. वाहने कमी आली तर तोटा कॅनडाच्या तिजोरीला. कॅनडाने केलेला खर्च टोलमधून पूर्ण वसूल झाल्यानंतरच मिशिगनला उत्पन्नात वाटा मिळायचा आहे.

अमेरिकी हितसंबंधांची काळजीही करारात घेतली गेली. पुलासाठीचे पोलाद अमेरिका किंवा कॅनडा येथीलच असावे, ही अट त्यांपैकी एक. अमेरिकेच्या तीरावरील तपासणी नाक्याच्या खर्चाचा प्रश्न मात्र रेंगाळला. हा नाका अमेरिकेच्या संघ सरकारचा. पण त्यासाठी तरतूद होत नव्हती. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा बांधकामखर्चही कॅनडानेच उचलायचे ठरले.

पात्रात खांब नसलेला पूल

बांधकामास ऑक्टोबर २०१८ मध्ये आरंभ झाला. पूल केबलच्या आधारे तोललेला आहे. मुंबईकरांना वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून या पद्धतीची कल्पना येईल. मात्र येथील मुख्य गाळा तब्बल ८५३ मीटरचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील या प्रकारच्या पुलांमध्ये सर्वाधिक लांबीचा. दोन्ही मनोरे २२० मीटर उंचीचे आणि ते उभे आहेत काठावर. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. महासरोवरांतून येणारी मोठी मालवाहू जहाजे या नदीतून जातात. त्यांच्या वाटेत अडथळा येऊ नये, यासाठी रस्ता पाण्यापासून ४६ मीटर उंचीवर ठेवण्यात आला. एकूण सुमारे अडीच किलोमीटर लांबी, सहा मार्गिका, २१६ केबल आणि पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग, असे त्याचे स्वरूप आहे.

जागेची निवड करताना अभियंत्यांना चिंता होती ती जमिनीखालच्या मिठाची. या परिसराच्या खाली मिठाचे जाड थर आहेत. पूर्वी विहिरी खोदून, पाणी सोडून ते मीठ विरघळवून वर काढले जाई. त्यामुळे खोलवर पोकळ्या राहिल्या असण्याची शक्यता होती. अशा पोकळीवर २२० मीटरचा मनोरा उभा करणे म्हणजे विनाशालाच आमंत्रण. म्हणून जागा निश्चित करण्यापूर्वी दोन्ही तीरांवर शेकडो मीटर खोल छिद्रे घेऊन खडकाची तपासणी करण्यात आली.

दोन्ही तीरांवरून थोडी थोडी पुढे सरकत आलेली पुलाची अंगे जून २०२४ मध्ये नदीच्या मध्यावर एकमेकांना भिडली. पुलाला मिळालेले नावही असेच दोन्ही तीरांना जोडणारे. गॉर्डी हाउ हे आइस हॉकीचे थोर खेळाडू कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात जन्मले आणि डेट्रॉइटच्या ‘रेड विंग्ज’ संघाकडून २५ हंगाम खेळले. २०१५ मध्ये त्यांच्या हयातीत हे नाव जाहीर झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

खर्च आणि वेळ यांचे गणित मात्र कोणत्याही मोठ्या प्रकल्पाप्रमाणे येथेही चुकले. २०१८ मध्ये कराराची रक्कम ५.७ अब्ज कॅनेडियन डॉलर होती आणि २०२४ च्या अखेरीस काम संपणे अपेक्षित होते. करोनाच्या साथीने वेळापत्रक विस्कटले. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित खर्च ६.४ अब्ज डॉलर आणि नवी मुदत २०२५ ची शरद ऋतू अशी जाहीर झाली. नंतर तीही २०२६ वर गेली.

पुलाखालची माणसे

देशोदेशींचा व्यापार ज्या वाटेने जातो, त्या वाटेच्या कडेलाही माणसे राहतात. डेलरे ही एके काळी हंगेरियन स्थलांतरितांची गजबजलेली वस्ती. कारखाने, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि ट्रकांची वर्दळ यांच्या कोंडीत ती आधीच विरळ होत गेली होती. पुलाच्या नाक्यासाठी आणि महामार्गाच्या जोडासाठी मोठी जागा लागली आणि उरल्यासुरल्या वस्तीपुढे जावे की राहावे, हा प्रश्न उभा ठाकला. जाणाऱ्याला घर सोडावे लागणार. राहणाऱ्याला धुराच्या आणि आवाजाच्या शेजारी दिवस काढावे लागणार.

या ठिकाणी डेट्रॉइट महापालिकेने आपल्या हातातील जमिनीचा उपयोग करून घेतला. २०१७ मध्ये पुलासाठी आपल्या मालकीच्या जागा विकण्याच्या मोबदल्यात मिळालेल्या ४ कोटी ८० लाख डॉलरमधून तिने डेलरेतील घरमालकांसाठी घरांच्या अदलाबदलीची योजना आखली. शहराच्या अन्य भागातील दुरुस्त केलेले घर घेऊन त्यांना स्थलांतर करता येऊ लागले. हवेच्या दर्जाची तपासणी आणि रोजगार प्रशिक्षण यांसाठीही रक्कम राखून ठेवण्यात आली. प्राधिकरणानेही दोन्ही तीरांवरील वस्त्यांमधील सुधारणांसाठी दोन कोटी कॅनेडियन डॉलरची तरतूद केली. या उपायांनी डेलरेचे जुने दिवस परत येणार नाहीत, हे उघड आहे. परंतु पुनर्वसन हा बांधकामानंतर आठवणारा विषय नसून कराराच्या टप्प्यावरच सोडवायचा विषय आहे, एवढे भान येथे राखले गेले.

दाराची किल्ली

पैसा, जमीन, कंत्राट, टोल, देखरेख अशा साऱ्या बाबी करारात बारकाईने मांडल्या गेल्या. जुन्या पुलाच्या कंपनीने न्यायालयांत दिलेली आव्हानेही टिकली नाहीत. एक गोष्ट मात्र प्राधिकरणाच्या हाती कधीच नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. पुलावरून उतरणारा ट्रक देशात घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सार्वभौम सरकारचा असतो. कॅनडाचा करार झाला मिशिगन राज्याशी; नाक्यावर उभे राहणारे अधिकारी मात्र वॉशिंग्टनचे.

या फटीचा अर्थ फेब्रुवारी २०२६ मध्ये ठळकपणे समोर आला. बांधकाम जवळजवळ संपून चाचण्यांचा टप्पा सुरू असताना अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी, अमेरिकेला योग्य मोबदला आणि मालकीत वाटा मिळाल्याखेरीज हा पूल खुला होऊ देणार नाही, असा इशारा दिला. पुलाची मालकी मिशिगनसोबत सामायिकच आहे, खर्च कॅनडाने केला आहे आणि पोलाद दोन्ही देशांचे आहे, असे कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी त्यावर स्पष्ट केले. विशेष म्हणजे, फेब्रुवारी २०१७ मध्ये याच ट्रम्प यांनी कॅनडाच्या तत्कालीन पंतप्रधानांसमवेत काढलेल्या संयुक्त निवेदनात हा पूल लवकर पूर्ण व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. नऊ वर्षांत पूल बदलला नव्हता. दोन देशांमधील संबंध बदलले होते.

भारतीय वाचकाला हा अनुभव अगदीच परका वाटू नये. त्रिपुरातील साब्रूम आणि बांगलादेशातील रामगढ यांना जोडणारा फेणी नदीवरील १.९ किलोमीटरचा मैत्री सेतू भारताने १३३ कोटी रुपये खर्चून बांधला. मार्च २०२१ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. परंतु पुढील तीन वर्षांतही त्यावरून नियमित व्यापारी वाहतूक सुरू होऊ शकली नाही. पूल तयार होता. पलीकडची व्यवस्था आणि नंतर पलीकडचे राजकारण तयार नव्हते.

विंडसर-डेट्रॉइट प्राधिकरणाने काय साधले, याचा विचार करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. एका खासगी मक्तेदारीला लोकांच्या मालकीचा पर्याय उभा करणे, समोरचा पक्ष पैसे द्यायला तयार नसताना त्याला समान भागीदार म्हणून सोबत ठेवणे आणि दशकभराच्या विरोधातून वाट काढणे, या गोष्टी सामान्य नव्हेत. त्यासाठी सरकारे बदलली तरी टिकून राहणारी, कागदपत्रे जपणारी आणि उत्तरदायी असलेली संस्था लागते. कॅनडाने ती उभारली आणि तिच्या हाती पैसा दिला. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर खडकापर्यंत पाया खणून उभे केलेले मनोरे एक गोष्ट पेलू शकत नाहीत. ती म्हणजे दोन शेजाऱ्यांमधील विश्वास. त्याचा पाया दरवेळी नव्याने खणावा लागतो आणि त्याचे कंत्राट कोणत्याही प्राधिकरणाला देता येत नाही.